पट्ट्यावरची मिरवणूक

हाताचं बँडेज निघून फार दिवस झाले नव्हते. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते आणि बाहेरच्या खोलीत माझ्या लेकीने तिची मोटर चालू केली. प्लास्टिकच्या ठोकळ्यांत बसणारी, काड्यापेटीहून जराशी मोठी मोटर. आवाज कानाशी डास यावा एवढाच. पण तो हळू सुरू होऊन चढत गेला आणि माझ्या हातून पातेलं सुटलं. चहा ओट्यावरून माझ्या पायांवर आला. मी "बंद कर, बंद कर" असं ओरडत होते आणि मोटर थांबल्यावरही ओरडतच राहिले.

लेक दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात टॅब होता. "आई, कधीच थांबवली गं," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी नवऱ्याने ठोकळ्यांचा डबा उचलून कपाटावर ठेवून दिला. मुलगी रडली नाही, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

मी म्हैसूरला आले ती नोकरीसाठी. माहेर सांगलीचं. शहराबाहेरच्या एका कारखान्यात मशिनांच्या कंट्रोलची देखभाल हे माझं काम. सेन्सर, मोटरी, पॅनल, वायरी. माल खोक्यांत भरला की तो कन्व्हेअरच्या सरकत्या पट्ट्यावरून पुढे जातो आणि त्या वाटेवर काही अडलं की मला हाक येते. अपघात झाला त्या दिवशी एक खोकं दोन रोलरांच्या मध्ये तिरकं अडकलं होतं. मी पॅनलवरचं स्टॉपचं बटण दाबलं आणि चावी फिरवून 'लोकल'वर ठेवली. चावी 'लोकल'वर असली की लाइन दुसरीकडून सुरू होऊच नये, अशी व्यवस्था असते. पण काही आठवड्यांपूर्वी कंट्रोल रूममध्ये नवा टचस्क्रीन बसवला होता आणि तो जोडताना ही चावी त्याच्याशी जोडायची राहून गेली होती. तिथे बसलेल्या ऑपरेटरला 'लाइन थांबली आहे' एवढंच दिसलं. त्याने ती सुरू केली.

माझा उजवा हात तेव्हा आत होता.

पुढचं सगळं नीट आठवत नाही. रोलर फिरायला लागायच्या आधी मोटर एक सूर धरते, तो मात्र आठवतो. तर्जनीचं टोक गेलं. मधलं बोट राहिलं, पण ते आता वाकत नाही. ऑपरेटर सरगूरकडचा तिशीतला माणूस होता. तो हॉस्पिटलात आला आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिला. मी नर्सला सांगितलं, त्याला आत पाठवू नका. त्याने मुद्दाम काही केलेलं नाही हे मला कळत होतं. तरी मला त्याचं तोंड बघायचं नव्हतं.

ठोकळ्यांचा तो डबा लेकीला तिच्या मामाने दिलेला. त्यात दोन मोटरी, अंतर ओळखणारा एक सेन्सर, आणि बॅटरी न् कंट्रोलर एकत्र असलेली एक डबी. त्या डबीला ती हब म्हणायची. टॅबवर आपण चौकोन जोडून सूचना लिहायच्या, त्या वायरशिवाय हबला पोचतात आणि मग मोटर फिरते. अपघाताआधी आम्ही दोघी जमिनीवर बसून यातच रमायचो. फाटक उघडणारी गाडी केली होती, झाडाला पाणी घालायचा बादलीचा रहाट केला होता. माझं कामच ते, फक्त लहान केलेलं. ती मला विचारायची, "तुझ्या कंपनीतपण असंच असतं?" आणि मी अभिमानाने सांगायचे, "अगदी असंच."

डबा कपाटावर गेल्यावर ती शाळेतून आली की खाली जायला लागली. आम्ही नजरबादमध्ये एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो आणि खाली घरमालकीण अज्जी एकट्याच असतात. त्यांचे पूर्वज इथल्या राजाच्या फौजेत होते. घरात अजून मराठी बोलतात, पण ती कन्नड मिसळलेली, अशी की पहिल्या वर्षी मला अर्धी कळायची नाही. मुलगी खाली जाते याचं मला बरंच वाटत होतं. माझ्यासमोर तिला पावलं न वाजवता वावरावं लागत होतं, निदान तिथे तरी मोकळी असेल.

नवरात्र तोंडावर आलं होतं. दसऱ्यात इथे घरोघरी पायऱ्या रचून त्यांवर बाहुल्या मांडतात. अज्जींकडची मांडणी आमच्या गल्लीत सगळ्यांत मोठी. वरच्या पायरीवर लाकडाची जुनी राजा-राणीची जोडी, खाली देव, वाणी, सैनिक, लग्नाची वरात. एका दुपारी मी त्यांना नारळ द्यायला खाली गेले. दार लोटलेलं होतं. हात दाराला लागला आणि आतून तो आवाज आला.

मी तिथेच थांबले. मागे फिरावं असं वाटलं, पण पाय हलेनात. मधल्या बोटात, जे एरवी मुकं असतं, कळ गेली.

अज्जींनी मला दारातच पाहिलं. "अय्यो, आलीस? बा गं, ये आत. मत्ते परत ओरडू नको हां पोरीला. मीच म्हटलं तिला, इथं कर म्हणून."

मुलगी सगळ्यांत खालच्या पायरीपुढे गुडघ्यांवर बसली होती. तो डबा तिने कधी खाली आणला होता कोण जाणे. तिच्यापुढे हाताएवढा लांब काळा पट्टा होता, ठोकळ्यांच्या कड्या एकात एक अडकवून केलेला. त्यावर ठोकळ्यांचेच हत्ती, घोडे, पताका धरलेली माणसं. पट्टा सरकत होता आणि मिरवणूक पुठ्ठ्याच्या राजवाड्याकडे चालली होती.

तिने कन्व्हेअर केला होता.

मला बघून ती उठली. "आई, तू जा वर. मी बंद करते. तू जा."

"हे काय केलंयस?" मी विचारलं.

"थांब, एक दाखवते. एकच. मग काढून टाकते." तिने घाईघाईने बसून पट्ट्याच्या टोकाला, जिथे दातेरी चाकं फिरत होती, तिथे स्वतःचा हात नेला. मी ओरडणार तेवढ्यात पट्टा थांबला. तिने हात मागे घेतला, पट्टा पुन्हा सुरू झाला. पुन्हा हात नेला. पुन्हा थांबला.

"हात दिसला की थांबतो," ती म्हणाली. "मी असाच बनवलाय. कुणाचा पण हात दिसला की."

अज्जी पदराने डोळे पुसत होत्या. मी नारळ कुठेतरी ठेवला आणि जिन्यावर येऊन बसले. बऱ्याच वेळाने ती माझ्या शेजारी येऊन बसली. डबा परत कपाटावर ठेव, असं मी तिला सांगितलं नाही.

नवरात्रात अज्जींनी हळदीकुंकवाला गल्लीतल्या बायकांना बोलावलं. शहरभर दिवे लागले होते, चौकाचौकांत रस्ते बंद, गाड्यांचे हॉर्न. अज्जींची भाची दोन मुलींना घेऊन आली होती. मोठी माझ्या मुलीच्या वयाची, धाकटी जेमतेम चालायला शिकलेली, कपाळावर मोकळे केस. मिरवणूक पाहून बायका हसत होत्या, हत्तींना नमस्कार करत होत्या. मोठीने टॅब बघितला आणि म्हणाली, हे ॲप माझ्याही फोनमध्ये आहे. माझ्या मुलीने तिला हब जोडून दिला, एकदा तिच्या फोनवरून पट्टा चालवू दिला, मग परत टॅबवर घेतला. मी दारापाशी उभी राहून हे बघत होते. आवाज सहन करायचा म्हणून मी दाराची कडी धरून ठेवली होती.

अज्जी कुणाला तरी उसळ देत असताना किंकाळी ऐकू आली.

धाकटी कुणाच्या लक्षात न येता पायऱ्यांवरून लोंबणाऱ्या कापडाखाली शिरली होती. सेन्सर समोर बघत होता. ती बाजूने, खालून आली. तिचे केस दातेरी चाकांत गेले होते, डोकं पट्ट्याच्या टोकाशी खेचलं गेलं होतं आणि ती हातपाय झाडत होती.

"थांबव!" मी ओरडले.

"थांबवला! थांबवला, आई!"

आवाज खरंच थांबला. भाची धावत येऊन मुलीला ओढायला लागली, तशी मुलगी आणखी किंचाळली. "ओढू नका," मी म्हटलं. "केस सुटणार नाहीत असे. तिला नुसतं धरून ठेवा." आणि मी गुडघ्यांवर बसले.

चाकं माझ्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर होती. त्यांच्यात मऊ काळे केस पिळून बसले होते. ते सोडवायला आत हात घालावा लागणार होता. लाइन थांबलेली आहे, असं मला सांगितलं गेलं होतं. मागच्या वेळीही ती थांबलेलीच होती.

"वायर काढ," मी मुलीला म्हटलं. "टॅब सोड. हबमधून मोटरची वायर काढ."

"पण बंदच आहे ती. मी ॲपसुद्धा बंद केलं."

"वायर काढ म्हणते ना!"

हब पायऱ्यांच्या मागे, कापडाआड होता. ती पोटावर सरपटत आत गेली. इकडे धाकटी श्वास कोंडून रडत होती. तिची आई "काढा ना, काहीतरी करा ना" म्हणत माझा खांदा हलवत होती. मला थांबायचं होतं. वायर निघाली असं कानांनी ऐकल्याशिवाय हात घालायचा नव्हता. पण पोरीने डोकं झटकलं, केसांच्या मुळाशी रक्ताचा ठिपका दिसला, आणि मी उजवा हात आत घातला.

तेवढ्यात मोटरने सूर धरला.

नंतर कळलं ते असं. टॅबवरचं ॲप बंद केल्यावर हब मोकळा झाला आणि दाराजवळ उभ्या असलेल्या मोठ्या बहिणीच्या फोनला आपोआप जोडला गेला. तिला वाटलं, पट्टा उलटा फिरवला तर केस सुटतील. बहिणीला मदत करायची म्हणून तिने बटण दाबलं. हात दिसला की थांबायची सूचना टॅबवर होती, तिच्या फोनवर नव्हती. पण केस आधीच दोन्ही चाकांच्या मध्ये गुंतले होते. उलटं फिरवूनही ते आतच ओढले जाणार होते.

त्या क्षणी मला हे काही ठाऊक नव्हतं. मला तो सूर ऐकू आला आणि माझं सगळं अंग मागे जायला निघालं. हात मात्र गेला नाही. हे मी शौर्याने केलं असं म्हणवत नाही. न वाकणारं ते बोट मी चाकांच्या मध्ये खुपसलं, किंवा ते आपसूक गेलं, आणि चाकं त्यावर अडली. मोटर कण्हत राहिली. प्लास्टिकचे दात कातडीत रुतले. लहानशी मोटर ती, हाड मोडायची तिची ताकद नाही, हे मला हिशेबाने माहीत होतं. पण माझ्या तोंडून जो आवाज येत होता, त्याला तो हिशेब माहीत नव्हता.

"निघाली!" कापडाआडून मुलगी ओरडली. "आई, निघाली! हातात आहे माझ्या!"

मोटर गप्प झाली. मुलगी बाहेर आली, वायरचं टोक मुठीत घट्ट धरलेलं. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. चाकांच्या मधला दांडा तिने दुसऱ्या हाताने बाजूला ओढून काढला, चाकं सुटी होऊन माझ्या मांडीवर पडली, आणि ते केस एकेक करून मोकळे झाले.

धाकटीला फारसं लागलं नव्हतं. केसांच्या मुळाशी खरचटलं होतं. अज्जींनी तिला मांडीवर घेऊन खोबरेल लावलं. "आयतु पुट्टी, आयतु," त्या म्हणत होत्या. झालं बाळा, झालं. पण तिची आई माझ्याकडे वळली. "कसली खेळणी ही? लेकरांच्या घरात मशिनं कशाला आणायची?" ती म्हणाली. तिचं काही चुकलं नव्हतं. बायका हळूहळू उठल्या. मोठी मुलगी कोपऱ्यात फोन पाठीमागे लपवून उभी होती. माझी मुलगी जिना चढून वर पळाली.

मी वर गेले तेव्हा नवरा तिला समजावत होता. मला बघून म्हणाला, "आता बास झालं. तो डबा मी कुणाला तरी देऊन टाकतो. तुला त्रास, तिला त्रास."

"नको," मी म्हटलं.

"तुझं बोट बघ जरा."

बोटावर दातांची नीट ओळ उमटली होती. मी ते नळाखाली धरलं. मुलगी मागे आली. "मी सेन्सर लावला होता," ती हुंदके देत म्हणाली. "मी सगळ्याचा विचार केला होता."

"समोरून येणाऱ्या हाताचा केला होतास. बाजूचा राहिला. सगळ्यांचं काहीतरी राहतं."

"मग आता?"

"थांबवणं वेगळं आणि बंद करणं वेगळं," मी म्हटलं. "थांबवलेलं मशीन कुणीही सुरू करू शकतं. तुला कळणारसुद्धा नाही कोणी केलं ते." हे वाक्य मी कारखान्यातल्या नव्या मुलांना शिकवताना कितीदा तरी म्हटलं होतं. त्या दिवशी ते बोलताना, अपघातानंतर पहिल्यांदा मी तिच्यासमोर रडले. नवरा नळ बंद करून आमच्या दोघींच्या मागे उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अज्जींनी खालून हाक मारली. "काय गं, आज मिरवणूक नाही का? सुम्ने, नुसतं बसायचं काय असं? राजा-राणी वाट बघतात!"

आम्ही दोघी खाली गेलो. चाकांना चारी बाजूंनी ठोकळ्यांच्या भिंती घातल्या. कापड वर खोचून टाकलं, म्हणजे मागे कोणी असलं तर दिसेल. सेन्सर ठेवला. आणि एक नियम मुलीने स्वतःच केला. आत हात घालायचा असेल त्याने आधी वायर काढायची आणि आपल्याच खिशात ठेवायची. दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची नाही, आईच्यासुद्धा नाही. माझ्या सलवार-कमीजला खिसा नाही म्हणून तिने मला आत हात घालू दिला नाही.

संध्याकाळी तिने अज्जींच्या भाचीच्या मोठ्या मुलीला निरोप पाठवून बोलावून घेतलं. ती आली, पण दारातच थांबली. माझ्या मुलीने तिच्यापुढे टॅब धरला. "तू चालव," ती म्हणाली. "वायर लावायची का, ते आधी मला विचार. मी हो म्हटलं की चालव." त्या मुलीने इतक्या गंभीरपणे विचारलं, की अज्जी हसायला लागल्या.

दसरा झाल्यावर मी कामावर गेले. रजा वाढवता आली असती, पण मग मी कधीच गेले नसते. लाइनपासून मी लांब उभी राहिले. खोकी जात होती. सुपरवायझर म्हणाले, सगळं दुरुस्त केलंय मॅडम, आता चावी टचस्क्रीनला जोडलीय. मी मान हलवली आणि विचारलं, तो ऑपरेटर कुठे आहे? ते घोटाळले. अपघातानंतर त्याने कंट्रोल रूम सोडली होती. स्वतःच मागून घेऊन तो मालाच्या गाड्या भरायच्या कामावर गेला होता.

मी त्याला बोलावून घेतलं. तो टोपी हातात धरून आला. माझ्या हाताकडे बघू नये म्हणून छताकडे बघत राहिला. "मॅडम, मी हॉस्पिटलात..." त्याने कन्नडमध्ये सुरुवात केली.

"मला माहीत आहे. मी भेटले नाही," मीही कन्नडमध्येच म्हटलं. "आता माझ्याबरोबर चल."

लाइन थांबवली. त्याच्या देखत मी पॅनलवरची चावी 'लोकल'वर फिरवली, काढली आणि माझ्या पर्समध्ये टाकली. मग आम्ही कंट्रोल रूममध्ये गेलो. काचेतून खाली रोलर दिसत होते. जवळ कुणी नव्हतं, मी दोनदा बघून घेतलं.

"स्टार्ट दाब," मी त्याला म्हटलं.

त्याने मान हलवली. नाही.

"खाली कुणी नाहीये. माझे दोन्ही हात इथे आहेत, बघ. दाब."

त्याचं बोट टचस्क्रीनपर्यंत गेलं आणि थांबलं. माझी नजर खाली रोलरांवर होती आणि मी तो सूर ऐकायची वाट बघत होते. त्याने डोळे मिटले आणि दाबलं.

काही झालं नाही. रोलर जागचे हलले नाहीत.

त्याने डोळे उघडले. पुन्हा दाबलं. मग मी काही न सांगता तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, अंगठ्याने, मग तळहाताने. त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. खालून कोणीतरी ओरडून विचारलं, वर काय चाललंय. मी काचेवर हात ठोकून त्यांना थांबायला सांगितलं.

पुढच्या आठवड्यापासून तो परत कंट्रोल रूममध्ये बसायला लागला. लाइनवर काही अडलं की मी चावी काढून घेते, मग वर बघते. काचेतून तो दोन्ही हात वर करून दाखवतो. तो हात खाली घेत नाही तोवर मी काम करते. बोट अजून वाकत नाही. मला वेळ लागतो, आणि तो तेवढा वेळ तसाच उभा राहतो.